सुकाणूची पिन

बोट आम्ही दोघांनी मिळून घेतली होती, मी आणि माझ्या मित्रानं. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आम्ही बावीस वर्षं शेजारशेजारच्या मशिनवर काढली. तो मिलिंगवर, मी लेथवर. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा दोघांनी एकाच दिवशी सह्या केल्या. मी सातपुरातच गाळा घेतला, जुना लेथ टाकला आणि बारीकसारीक जॉबवर्क करू लागलो. तो गावी गेला, द्राक्षबागेकडे. त्याचं गाव गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून. आजोबांची निम्मी जमीन धरणात गेलेली, उरलेली पाण्याच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तो हात करून दाखवायचा, "ती बघ, ती आपली जुनी विहीर."

एके दिवशी देवळाली कॅम्पातले एक निवृत्त लष्करी अधिकारी माझ्या गाळ्यात आले. हातात एक तुटकी कप्पी. शिडाच्या दोरीची आहे, म्हणाले, बाजारात मिळत नाही, बनवून द्याल का? शीड मी तोवर फक्त चित्रात पाहिलेलं. दोन दिवसांनी कप्पी द्यायला त्यांच्या घरी गेलो, तर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली चौदा फुटांची फायबरची बोट. ते मुलीकडे बंगळूरला कायमचे निघाले होते आणि बोट कुणाच्या हवाली करावी या विचारात होते. मी तिथूनच मित्राला फोन लावला.

"तुझ्या दारात पाणी आहे," मी म्हणालो, "आणि इथं बोट आहे."

"मग मधी काय अडलंय?" तो म्हणाला.

त्याच्या पिकअपला बोटीचा ट्रेलर जोडून आम्ही ती शहरातून नेली. ट्रेलरचा ॲक्सल वाकलेला, त्यामुळे बोट सगळ्या रस्त्यानं एका अंगाला कलून चालली होती. डोलकाठी आडवी बांधलेली, तिच्या टोकाला बायकोनं दिलेलं लाल फडकं. सिग्नलला एक मोटारसायकलवाला शेजारी थांबला, बोट खालीवर न्याहाळली आणि विचारलं, "कोणाची निशाणी हो? इलेक्शन लागलं का?" मित्र एवढा हसला की सिग्नल सुटल्याचं त्याला कळलंच नाही आणि मागचे हॉर्न वाजवत बसले.

जायच्या आधी त्या अधिकाऱ्यांनी चार रविवार येऊन आम्हाला शिकवलं. मित्र पाण्याकाठी वाढलेला, त्याला भीती ठाऊक नव्हती. घाबरलो तो मी. पहिल्या दिवशी मी बोटीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. मग शिडात वारा भरला आणि बोट चालू लागली. बावीस वर्षं मी आवाजात काम केलेलं. मोटर, पट्टा, गिअर, कुठंतरी काहीतरी ओरडल्याशिवाय काही हलत नाही हे मी धरूनच चाललो होतो. इथं फक्त फायबरखालून पाणी सळसळत होतं आणि काठावरची झाडं मागे जात होती. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला हे सांगायचा बराच प्रयत्न केला. ती म्हणाली, "पोहता येतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "जाकीट असतं."

त्याच वर्षी पावसाळ्यात मला फिट आली. गाळ्यात चहा पिता पिता. आयुष्यात पहिल्यांदा. जाग आली तेव्हा मी जमिनीवर होतो, जीभ चावलेली, शेजारच्या गाळ्यातली माणसं भोवती उभी आणि डबा घेऊन आलेली बायको उशाशी बसलेली. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर चांगले होते. बोटांवर मोजून म्हणाले, "एक वर्ष. मोटारसायकल नाही, उंचावर चढायचं नाही, पाण्यात जायचं नाही, आणि मशिनवर एकट्यानं काम नाही."

मशिनवर एकट्यानं नाही, म्हणून बायको गाळ्यात येऊन बसू लागली. लेथच्या मेन स्विचपासून हातभर अंतरावर तिनं प्लास्टिकची खुर्ची टाकली. मी टर्निंग करायला लागलो की भाजी निवडता निवडता तिचं एक लक्ष माझ्याकडे आणि एक त्या लाल बटणाकडे. तिचं माहेर सटाण्याकडचं. तिथं बसूनच ती बहिणीशी फोनवर अहिराणीत बोलायची, पण बोलताना नजर हटायची नाही. मला त्याचा राग येत नसे. उलट बरं वाटायचं. एवढं कुणी माझ्याकडे लग्नाच्या वर्षीही पाहिलं नव्हतं.

वर्षभर पाण्यात जायचं नाही, तर वर्षभरात बोट तरी नवी करू, असं मी ठरवलं. मित्रालाही पटलं. सगळंच जुनं झालेलं होतं. सुकाणू ज्या बिजागऱ्यांवर फिरतं त्या गंजलेल्या, कप्प्या अडकणाऱ्या, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांचे धागे सुटलेले, आणि ट्रेलर तर तसाच वाकडा. मी एकेक भाग घेतला. सुकाणूच्या बिजागऱ्या चांगल्या स्टेनलेसमधून नव्या काढल्या, त्यांची पिन घासून आरशासारखी केली, पिन जिथं फिरते त्या भोकांत नायलॉनच्या नळ्या, म्हणजे बुश, बसवले, सुकाणू एका बोटानं फिरावं म्हणून. कप्प्यांत छोटी बेअरिंगं घातली. तारा नव्या आणल्या, त्या ताणायचे टर्नबकल स्वतः बनवले. ट्रेलरला नवा ॲक्सल, स्प्रिंगचे नवे पाटे, बोट ओढून घ्यायला हातविंच आणि बोटीच्या पोटाला लागू नये म्हणून रबरी रोलर. प्रत्येक तुकडा बायकोच्या डोळ्यांदेखत झाला. सुकाणूची पिन पूर्ण झाली तेव्हा मी ती तिच्या हातात दिली होती. "बघ, कशी आहे?" ती म्हणाली, "छान आहे. बांगडीसारखी गार आहे."

तयार झालेलं सामान रविवारी बोटीवर चढवायचं. मोटारसायकल बंद असल्यामुळे मित्र पिकअप घेऊन न्यायला यायचा. त्याच्या मळ्यात पंपहाउसला लागून पत्र्याची शेड होती, तिथं बोट ट्रेलरवर उभी असायची. तिथून पाणी पाच मिनिटांवर. दिवसभर आम्ही भोकं पाडायचो, बोल्ट आवळायचो, सील करायचो. दुपारी त्याच्या घरून भाकरी आणि झणझणीत शेवेची भाजी यायची. आता आठवतं तेव्हा वाटतं, ते माझे फार चांगले दिवस होते. आणि तेच दिवस मला आज आठवायला नको वाटतात.

वर्ष सरलं. एकही फिट आली नाही. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "तुमची ती बोट. जा. पण जाकीट घालून, आणि बोट चालवता येणारा माणूस सोबत पाहिजे." बायको शेजारच्याच खुर्चीवर होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर पडून मी पार्किंगमधूनच मित्राला फोन केला. "डॉक्टर स्वतः म्हणाले?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "लय भारी झालं, मिस्तरी." बावीस वर्षं तो मला मिस्तरीच म्हणत आला होता.

पण तेव्हा धरण भरलेलं आणि वारा सुसाट. तो म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबू. थांबलो. दसऱ्याला बोटीला झेंडूचा हार घातला, सुकाणूला हळदकुंकू लावलं. मी म्हणालो, "चल, आज मुहूर्त आहे." तो म्हणाला, "आज नको. सुकाणू जरा डावीकडं ओढतंय. तेवढं बघ, मग घालू."

मी बिजागरी काढून आणली, अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घालून रेषेत आणली, परत बसवली. दिवाळी झाली. मग म्हणाला, "वरची कप्पी ताणात दोरी लवकर सोडत नाय." कप्पी काढली, खोबण थोडी खोल केली, परत बसवली. मग ट्रेलरच्या उजव्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय म्हणाला. मी बेअरिंग बदललं. काढलेलं बेअरिंग मला चांगलं वाटलं होतं, पण त्यानं सांगितलं म्हणून बदललं. असं करता करता जानेवारी आला.

शेडमध्ये ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीचं सुकाणू डावीकडे ओढतं हे त्याला कळलं कसं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी टूलरूमचा माणूस. एखाद्या जॉबमध्ये काय बिघडलंय हे त्याच्या आवाजावरून सांगतो असा माझा लौकिक. पण मित्राचं बोलणं मी त्या कानानं कधी ऐकलंच नव्हतं.

जानेवारीतला तो रविवार. चांगलीच थंडी होती. आम्ही शेडमध्ये पोचलो आणि पाच मिनिटांत त्याला बागेतून हाक आली, द्राक्ष बघायला व्यापारी आले होते. "तू बस, चहा पाठवतो," म्हणून तो गेला. नुसतं बसणं मला जमत नाही. सुकाणूच्या बिजागरीला ग्रीसचा हात द्यावा म्हणून मी पिन ओढून काढली.

पिन बाहेर आली आणि मी ती उजेडात धरली. खरं तर सवयीनं. चौदा महिन्यांपूर्वी मी ती सगळीकडून सारखी घासली होती. आता तिच्या एका अंगाला पट्टा पडला होता, बोटभर रुंद, बाकीच्या भागाहून वेगळ्या चमकेचा. नखानं जाणवेल एवढा. मी बुशमध्ये बोट घातलं. नायलॉन त्याच अंगाला लांबट झालेलं. शेडमध्ये दर रविवारी चार वेळा सुकाणू इकडंतिकडं फिरवून असं होत नाही. पाण्याचा दाब घेऊन हजारो वेळा फिरल्यावर होतं.

मी खाली बसलो. मग उठून ट्रेलरपाशी गेलो. मी बसवलेल्या नव्या ॲक्सलवर एका उंचीपर्यंत गंजाची पुसट रेघ होती, आणि पाट्यांच्या मधल्या फटीत वाळलेला गाळ. रोलरच्या मागे पाण्यातलं गवत अडकून वाळलं होतं. हातविंचच्या दोरीचं टोक पिंजलेलं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. रविवारमागून रविवार मी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बोल्ट आवळले होते.

मित्र स्वतःच चहा घेऊन आला. दोन पेले, वर बशा झाकलेल्या. मी त्याच्या हातातले पेले घेऊन खाली ठेवले आणि त्याच्या तळहातावर पिन ठेवली.

तोही टूलरूमचाच माणूस. त्यानं पिन उजेडात धरली, अंगठ्यानं फिरवली आणि अंगठा त्या पट्ट्यावर थांबला. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या नाय, त्याआधीच्या दिवाळीपासून."

"म्हणजे मला बंदी होती तेव्हापासून."

"हं."

"किती वेळा?"

"मोजलं नाय. आठवड्यातून दोनदा. चार वाजता वारा बरा असतो." तो पिनकडेच बघत होता. "पहिल्यांदा नुसतं बघायला गेलो, तुझ्या नव्या बिजागऱ्या कशा चालतात ते. शपथ सांगतो. तुला त्याच रविवारी सांगणार होतो."

"मग?"

"सवय लागली, मिस्तरी."

मी म्हणालो, "एक वर्ष मला बंदी होती. ते वर्ष मी सोडून देतो. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तू मला पाच महिने थांबवून ठेवलंस. ते का?"

त्यानं पिन जपून बिजागरीपाशी ठेवली. मग म्हणाला, "वहिनींनी शब्द घेतला माझ्याकडून. तुम्ही डॉक्टरकडून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला त्यांचा. म्हणाल्या, भावजी, त्यांना नाही म्हणायचं माझ्यानं होणार नाही, ते तुम्ही करा. काहीबाही सांगून थांबवा. रडत होत्या."

"मला सांगायचं होतं हे."

"सांगितलं असतं तर तू आला असतास."

"आलोच असतो."

"म्हणून नाय सांगितलं."

"आणि ते सुकाणू डावीकडं ओढतंय म्हणालास ते?"

"ते खरं होतं."

"कप्पी?"

"तेपण खरं."

"बेअरिंग?"

त्यानं मान खाली घातली. "ते खोटं. तेव्हा दुसरं काय सांगायचं सुचलं नाय."

एवढं एकच खोटं होतं हे ऐकून मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. नुसती कारणं सांगून त्यानं मला थांबवलं असतं तर ती एक गोष्ट होती. इथं तो पाण्यात जाऊन यायचा, काय अडतं ते बघायचा आणि रविवारी मला सांगायचा. मी ते दुरुस्त करून द्यायचो, पुढच्या मंगळवारी तो आणखी चांगली बोट घेऊन जायचा. मी आपली बोट तयार करतोय असं मला वाटत होतं, आणि मी त्याच्या बोटीचा मेकॅनिक होतो.

चहा तसाच गार झाला. त्यानं मला घरी सोडलं. घराशी उतरताना त्यानं हाक मारली, "मिस्तरी." मी दार लावून घेतलं.

बायको मटार सोलत होती. माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटतं तिला मित्राचा फोन आधीच आला असावा. किंवा चेहऱ्यावरूनच कळलं असेल.

"तू त्याला सांगितलंस," मी म्हणालो.

"हो."

"मला का नाही सांगितलंस? समोर डॉक्टर बसले होते. तिथंच म्हणायचं, मला भीती वाटते, नका जाऊ."

"आणि तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं. पण भांडलो असतो. भांडायला तरी मिळालं असतं."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही गाळ्यात जमिनीवर पडला होतात तेव्हा तुम्ही नव्हतात तिथं. मी होते. तुम्हाला ते आठवत नाही. मला रोज आठवतं." तिचा आवाज शांत होता. "लेथला बटण आहे. मी दाबू शकते. पाण्याला कुठलं बटण आहे?"

मला राग आला. मी म्हणालो, "पाणी बघितलंयस तरी का तू? बोट कशी असते माहीत आहे?"

ती उठली. सोललेले मटार एका भांड्यात ओतले. पाठमोरी असतानाच म्हणाली, "बसलेय मी बोटीत."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"तुम्ही डॉक्टरकडून आल्यावर पुढच्याच आठवड्यात," ती म्हणाली. "भावजी म्हणाले, वहिनी, तुम्ही एकदा बसून बघा, म्हणजे भीती जाईल. तुम्हाला सांगितलं की बहिणीकडे जाते. त्यांची बायको होती काठावर. अर्धा तास बसले. जाकीट घालून."

"आणि?"

"आणि बोट वळली तेव्हा एकदम तिरकी झाली. माझा हात पाण्यात गेला कोपरापर्यंत. तेव्हा तर पक्कंच केलं, तुम्हाला नाही जाऊ द्यायचं." ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या घडीला तिला जे सांगायचं होतं ते ती सांगून मोकळी झाली. "आणि मला आवडलं. खोटं नाही बोलणार. तुम्ही पहिल्या दिवशी घरी येऊन जे सांगत होतात ना, आवाज नसतो म्हणून, ते मला तिथं कळलं."

मी आतल्या खोलीत जाऊन पडलो. मित्र आठवड्यातून दोनदा गेला, ते एक वेळ मी सोसलं असतं. पण मी बनवलेल्या सुकाणूवर, मी बनवलेल्या कप्प्यांवर माझी बायको माझ्याआधी बसून आली, तिला ते आवडलं, आणि त्यानंतर पाच महिने ती रोज गाळ्यात माझ्यासमोर बसून मला त्याच बोटीची कप्पी टर्न करताना बघत राहिली. एकदा तर मी तिला विचारलंही होतं, खोबण आणखी खोल करू का? ती म्हणाली होती, "करा थोडी."

मी हट्ट धरला. पुढच्या रविवारी बोट पाण्यात घालायची आणि मी बसणार, असं मित्राला फोनवर सांगितलं. तो हो म्हणाला. बायको म्हणाली, "मी येते काठापर्यंत."

ट्रेलर पाण्यात मागे घालताना मला काही करावं लागलं नाही. मित्रानं पिकअप अशी सरळ मागे घेतली, एवढ्या ठरावीक जागी थांबवली, की हे त्यानं किती वेळा केलंय ते कुणालाही कळलं असतं. दोन टायरांच्या चाकोऱ्या पाण्यापर्यंत पडलेल्याच होत्या. बोट रोलरवरून अलगद सरकली. मी आत बसलो. त्यानं माझ्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून बघितले, जसे लहान मुलाचे बघतात.

वारा मंद होता. बोट चालली. सगळं नेमकं होत होतं. सुकाणू एका बोटानं फिरत होतं, कप्पी दोरी धरत होती आणि वेळेवर सोडत होती, तारा एकसारख्या ताणलेल्या. वर्षभराच्या कामात काढायला एक दोष नव्हता. मी मात्र दोष शोधत होतो. आणि मित्राकडे बघत होतो. चार रविवार आम्ही दोघं बरोबरीनं शिकलो तेव्हा तो धसमुसळा होता, दोरी ओढायचा आणि मग बोट कुठं जाते ते बघायचा. आता तो वाऱ्याकडे बघतही नव्हता. गालाला कळत असावं. वळायच्या आधी म्हणायचा, "डोकं खाली," आणि मी डोकं खाली घालायचो. मला कुठं बसायचं, कधी सरकायचं, सगळं तो सांगत होता, मऊ आवाजात, पाहुण्याला सांगतात तसं.

मी म्हणालो, "सुकाणू दे."

त्यानं दिलं. पण त्याचा हात माझ्या हाताच्या खाली, दोन बोटांच्या अंतरावर, तसाच धरलेला राहिला. स्विचशेजारच्या खुर्चीसारखाच. फक्त त्या खुर्चीनं मला बरं वाटायचं आणि या हातानं नाही. मी काठाकडे पाहिलं. बायको उन्हात उभी होती, दोन्ही हात छातीशी बांधून. मी पाच-दहा मिनिटं सुकाणू धरलं असेल. मग त्याला परत दिलं आणि म्हणालो, "चल, लाव काठाला."

"आत्ताच?"

"हो."

उतरल्यावर त्याला वाटलं मिटलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता दर रविवारी. कायबी झालं तरी." बायकोही तिच्या परीनं हसली. पण त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मी काम आहे म्हणायचो. मग त्यानं विचारणं सोडलं. फवारणीच्या पंपाचं काही काम असलं की तो अजून माझ्याच गाळ्यात येतो. मी करून देतो. आम्ही कामापुरतं बोलतो, द्राक्षांबद्दल बोलतो. बोटीबद्दल नाही. मागे एकदा तो निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "डोलकाठीची एक तार सैल झालीय." मी म्हणालो, "टर्नबकल अर्धा आटा फिरव." एवढंच.

बायकोला मी गाळ्यात येऊ नकोस असं सांगितलं. लेथवर एक कारागीर ठेवला, जुना, माझ्याच वयाचा. तिनं आपली खुर्ची घरी नेली. आम्ही भांडत नाही. सणवार होतात, पाहुणे येतात, बहिणीकडच्या लग्नाला सटाण्याला जाऊन आलो. तिथं एका दुपारी ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "किती दिवस धरून ठेवणार?" मी म्हणालो, "धरलंय कुठं?" ती उठून गेली. तिची भीती खरी होती हे मला समजतं. माझ्या जागी ती असती तर मीही कदाचित तेच केलं असतं, हेही समजतं. समजून काही फरक पडत नाही, एवढंच.

आता डॉक्टरकडे मी एकटा जातो, बसनं. गेल्या खेपेला त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, उत्तम आहे, रात्रीची गोळी आता अर्धी करू, हळूहळू बंदही होईल. घरी येताना बसमध्ये मी ते वाक्य बायकोला कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो. ती खूश झाली असती. कदाचित देवापुढे साखर ठेवली असती.

मी सांगितलं नाही. रोज जेवणानंतर ती वाटीत एक पूर्ण गोळी ठेवते आणि मी पाणी पिईपर्यंत समोर थांबते. मी ती बोटांआड मोडतो आणि अर्धी तोंडात टाकतो. अर्धी मुठीत घेऊन हात धुवायला उठतो.